कोऱ्या नोंदवहीचे सर

आजवर कुणालाच न सांगितलेली गोष्ट आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं सरळ लिहिता येईल. दोन वर्षांपूर्वी, मार्च महिन्यातल्या एका रविवारी दुपारी, जेवणाच्या टेबलावर बसून मी वीस विद्यार्थ्यांच्या वर्षभराच्या सुखदुःखाच्या नोंदी एका बैठकीत लिहून काढल्या. पाच पेनं वापरली. महिना बदलला की पेन बदलायचं, म्हणजे शाई वेगळी दिसते. जानेवारीला मुलीचं जेल पेन, फेब्रुवारीला बायकोचं किराणा यादीचं. 'घरची परिस्थिती जाणून घेतली. मार्गदर्शन केले. प्रगती समाधानकारक.' बायकोला वाटलं पेपर तपासतोय, तिनं मध्ये चहासुद्धा आणून दिला. तो मी प्यायलो.

पण लिहायचंय ते माझ्याबद्दल नाही, आमच्या कॉलेजच्या गणिताच्या सरांबद्दल. कृष्णेच्या दोन्ही काठांवर, पार साताऱ्यापर्यंत शोधलं, तरी उभ्या नोकरीत एकाही विद्यार्थ्याशी बसून न बोललेला असा दुसरा प्राध्यापक सापडणार नाही. मूळचे पाटणकडचे. अंगानं काटक, शर्ट नेहमी बाहेर, आणि पायात बारा महिने तेच करकरणारे बूट, ज्यांच्या आवाजावरून मुलं शेजारच्या वर्गात बसून 'सर आले' म्हणत. रडवेलं पोर समोर आलं की सर खुर्ची पुढे करायच्या ऐवजी स्वतःच खुर्चीतून उठायचे. "आवं, बसून कुठं दुःख सांगत्यात व्हय? चला, फेरी मारू." आणि दोघं निघायचे ग्राउंडला. ग्राउंडच्या कडेनं त्यांच्या चालण्यानं एक पायवाटच पडली होती. जिमखान्याच्या सरांनी एकदा प्राचार्यांकडे लेखी तक्रार केली की धावण्याच्या आठ पट्ट्या असताना गणित विभागानं नववी काढली आहे. मुलांनी तर आपली दुःखं फेऱ्यांतच मोजायला सुरुवात केली होती. विषय राहिला तर एक फेरी, प्रेमभंग म्हणजे तीन, आणि घरचं काही असलं तर सातच्या खाली सुटका नाही. कँटीनमध्ये कानावर यायचं, "काय रं, तोंड का पाडलंस? किती फेऱ्यांचं हाय?" "पाचाचं असंल गड्या."

फेऱ्यांचा हिशोब ते चिंचोक्यांनी ठेवायचे. उजव्या खिशात मूठभर चिंचोके, एक फेरी झाली की एक डाव्या खिशात. आणि पहिला प्रश्न ठरलेला. मुलगा नापास झालेला असो, मुलगी हॉस्टेल सोडून चाललेली असो, सरांचं सुरू व्हायचं ते "सकाळी काय खाल्लंस?" पासून. उत्तर 'काही नाही' असलं तर वरच्या खिशातून शेंगदाणे आणि गूळ निघायचा, आणि ते खाऊन होईपर्यंत मुख्य विषय निघायचा नाही. एकदा स्टाफ मीटिंगमध्ये निकालावरून प्राचार्य टेबलावर हात आपटून बोलत होते. सगळे माना खाली घालून बसलेले. सर मात्र चिंतेनं म्हणाले, "साहेब, नाष्टा झालाय न्हवं?" प्राचार्य क्षणभर थांबले आणि म्हणाले, "नाही." त्या वर्षी निकालावर पुढे चर्चाच झाली नाही.

आम्ही बाकीचे हसायचो. मी जरा जास्तच. मी रसायनशास्त्राचा माणूस, मोजूनमापून बोलणारा. प्रत्येक शिक्षकाकडे वीस मुलं मेंटॉर म्हणून दिलेली, त्यांच्याशी दर महिन्याला बोलायचं आणि वहीत नोंद करायची, असा नियम होता. बोलणं मला जमत नाही हे मला ठाऊक होतं. नोंद जमते हेही ठाऊक होतं.

मग मूल्यांकनाची समिती आली. प्राचार्यांच्या केबिनमध्ये मेंटॉर वह्यांचा गठ्ठा, आणि आम्ही सगळे भिंतीला खुर्च्या लावून. समितीतल्या वयस्कर मॅडम एकेक वही शांतपणे चाळत होत्या. सरांची वही उघडली आणि त्या पानं उलटतच राहिल्या. पहिल्या पानावर वीस नावं, पुढे सगळं कोरं.

"सर, नोंदी?"

सर उभे राहिले, खिसे चाचपले, आणि डाव्या खिशातले चिंचोके त्यांनी प्राचार्यांच्या काचेच्या टेबलावर ओतले. दोन घरंगळत पाण्याच्या ग्लासापर्यंत गेले. "ह्या आठवड्याच्या हायत मॅडम. पोरं सांगत्यात ते माझ्यापाशी सांगत्यात, वहीपाशी न्हाई. लिवलं तर पुन्यांदा सांगतील का?"

कुणीतरी हसलं. प्राचार्यांचा चेहरा मात्र असा झाला की हसणाऱ्यानं लगेच खोकल्यासारखं केलं. मॅडमनी पुढची वही घेतली. ती माझी होती.

"वा," त्या म्हणाल्या. "हे पाहा, असं हवं." आणि एका पानावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "'फेब्रुवारी. विद्यार्थिनीशी सविस्तर चर्चा केली. अडचणी समजून घेतल्या. समाधानकारक.' या मुलीला बोलवता का? दोन शब्द बोलते."

नाव मी लगेच ओळखलं. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची, कवठे महांकाळकडची, मेंढपाळाच्या घरातली मुलगी. जानेवारीच्या शेवटी ती तीनदा माझ्या लॅबच्या दारात उभी राहिली होती. "सर, दोन मिन्टं बोलायचं हुतं." पहिल्यांदा बॅच चालू होती. दुसऱ्यांदा मी मीटिंगला निघालो होतो. तिसऱ्यांदा काहीच नव्हतं, तरी मी म्हणालो, "नंतर ये गं." त्यानंतर ती मला दिसली नव्हती. माझ्याच हजेरीपटावर तिच्या नावापुढे फेब्रुवारीभर गैरहजेरी होती, आणि तो हजेरीपट त्याच टेबलावर, मॅडमच्या कोपराखाली होता.

शिपाई उठायच्या आत सर उठले. "मी आणतो. हितंच असंल." बूट करकरत गेले.

ती वीस मिनिटं मी कशी काढली ते सांगता येणार नाही. पंख्याचा आवाज, चिंचोक्यांवर प्राचार्यांची नजर, आणि मॅडमचा हात. तो हजेरीपटाकडे सरकतोय असं मला तीनदा वाटलं. एकदा तो खरंच सरकला, पण चष्मा घ्यायला. खिडकीतून ग्राउंड दिसत होतं. सर आणि ती मुलगी कडेकडेनं येत होते. केबिनचा रस्ता सरळ असताना ते वळसा घालून येत होते. या वेळीही माणूस फेरी मारतोय, या विचारानं मला तशातही हसू आलं.

ती आत आली. रापलेला चेहरा, हातात वही नाही, काही नाही.

"तुझे मेंटॉर कोण?" मॅडमनी विचारलं.

तिनं माझ्याकडे बोट केलं.

"बोलतात तुझ्याशी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. दारात उभी असताना बघायची तशीच, घाई नसलेल्या नजरेनं. सर भिंतीकडे तोंड करून कॅलेंडर वाचत होते.

"व्हय मॅडम," ती म्हणाली. "हे सर लय बोलत्यात. सकाळी काय खाल्लंस, तेबी इचारत्यात."

मॅडमचा चेहरा उजळला. प्राचार्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

बाहेर व्हरांड्यात मी तिला गाठलं. "खोटं का बोललीस गं?"

"तुमी बी खोटंच लिवलं हुतं की सर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "फेब्रुवारीत मी मेंढरांमागं हुते. आबाचा पाय मोडला हुता. प्रॅक्टिकलं मागनं करून घेशीला का, एवढंच इचारायचं हुतं तवा."

एवढंच. मी 'हो' म्हणालो असतो. उत्तराला दोन मिनिटंही लागली नसती. ते मिळालं नाही म्हणून तिनं वर्ष गेलंच असं धरलं, आणि घरात लग्नाचं बोलणं सुरू झालं. गणिताच्या वर्गात तिचा बाक तीन आठवडे रिकामा दिसला तेव्हा सर एसटीनं कवठे महांकाळला गेले, पुढे माळावर. मेंढरं थांबत नाहीत म्हणून दिवसभर ते तिच्या आबाच्या भावाबरोबर कळपामागं चालले. तिथं फेरी कशी मोजायची हे कळेना, म्हणून चिंचोके तसेच राहिले, असं त्यांनी नंतर सांगितलं. लग्नाचं बोलणं थांबलं, आणि समिती यायच्या आदल्याच दिवशी ती हॉस्टेलवर परत आली होती.

संध्याकाळी मी सरांकडे गेलो. "सर, तुम्ही मला वाचवलंत."

"चला," म्हणाले. अर्धी फेरी झाल्यावर बोलले, "तुमच्यासाठी न्हाई वो. वहीतलं वाचलेलं तिला सांगितलं, पर काय बोलायचं ते मी शिकवलं न्हाई, शेंगदाणं तेवढं दिलं. पर तुमची चौकशी लागली असती तर हजेरीपट निघाला असता, अन् आदी तिचीच टर्म अडाकली असती. तिला बी कळत हुतं ते. आता तिची प्रॅक्टिकलं करून घ्या. मला दुसरं काय नको."

मी करून घेतली. रोज दुपारी ती ब्युरेट धरायची, मी रीडिंग तपासायचो, जर्नलवर सही करायचो. तेवढ्या दिवसांत आम्ही आकड्यांपलीकडे एक शब्द बोललो नाही. ती चांगल्या गुणांनी पास झाली. आता एम.एस्सी. करतेय.

सरांना पंधरा दिवसांत मेमो मिळाला. नोंदी ठेवण्यात हलगर्जी. विद्यार्थी कल्याण समिती त्यांच्याकडून काढून माझ्याकडे दिली. ते पत्र प्राचार्यांनी माझ्या हातात ठेवलं तेव्हा केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो. बोलायला पुरेसा वेळ होता. मी म्हणालो, "आभारी आहे सर." जूनमध्ये गणिताचे सर निवृत्त होऊन पाटणला गेले.

आता माझ्या केबिनबाहेर समितीची पाटी आहे. मुलं येतात. मी त्यांना घेऊन ग्राउंडवर जायचा प्रयत्न करतो, पण दुसऱ्या फेरीला गुडघा बोलायला लागतो आणि मुलांनाच माझी काळजी वाटते. नववी पट्टी गवतानं भरत आलीय. गेल्या दिवाळीत मी पाटणला गेलो, सगळं कबूल करायचं ठरवून. सर दारातच भेटले. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय खाल्लं सकाळी?" मी म्हणालो, "काही नाही." मग त्यांनी गूळशेंगदाणे काढले आणि नदीकाठानं पुन्हा पुन्हा येऊन-जाऊन आम्ही पुष्कळ चाललो. त्यांनी काही विचारलं नाही. मी काही सांगितलं नाही. निघताना त्यांनी डाव्या खिशातले चिंचोके मोजले आणि म्हणाले, "सात झाल्या की वो."

तो मेमो खरं तर माझ्या नावाचा निघायला हवा होता, असं प्राचार्यांना लेखी कळवायचं माझ्याकडून अजून राहिलंय. आणि त्या मुलीची दोन मिनिटं.