कुमुद नावाच्या मुली

दवाखान्यातली आया धापा टाकत शाळेच्या दारात आली आणि म्हणाली, "बाय, आपल्या नर्सबाय ऱ्हायल्या नाय." मी तिच्यावरच ओरडले. सकाळीच तर मी कुमुदताईच्या हातचा चहा पिऊन आले होते. बेचाळीस वर्षांची ठणठणीत बाई सुया उकळायला ठेवते काय आणि स्टोव्हसमोर बसल्याबसल्या जाते काय... दीड महिना होत आला, मला अजून ते पटत नाही. खरं सांगायचं तर तिचा रागच येतो.

पालघरला आमच्या खोल्यांना मधली भिंत एकच. बारा वर्षांपूर्वी ती इथे आली तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांत मुली असायच्या पारू, हिरा, काशी. कुमुद हे नाव कोणी ऐकलेलंही नव्हतं. मग तिच्या हातून बायका सुखरूप सुटू लागल्या आणि बारशाला आत्या बाळाच्या कानात तिचंच नाव सांगू लागल्या. बाळांना देवी टोचल्या की त्यांची यादी वहीत उतरवायचं काम माझं, कारण तिचं अक्षर तिचं तिलाही लागत नसे. एका वर्षी त्या वहीत अकरा कुमुद निघाल्या. "मास्तरीणबाई, पुढे तुम्ही एक हाक माराल आणि अर्धा वर्ग उभा राहील," असं म्हणून ती चक्क लाजली होती.

मग खाडीकाठच्या दातिवरे गावची ती बाळंतीण. ओहोटीची वेळ, कुमुदताईची होडी गाळात रुतली. ती पोचली तेव्हा बाई गेलेली होती, पोर तेवढी वाचली. तिला कोणी शब्दानं बोललं नाही. पण पुढच्या वर्षीच्या यादीत कुमुद दोनच, आणि त्यानंतर एकही नाही. मी समजूत घालायची, "अगं, तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कामावर बाहेरची माणसं आलीत. त्यांच्या मुलींची नावं ऐकून आता सगळ्यांना संगीता नि सुनीता हव्यात." ती एवढंच म्हणाली, "लोकांनी माझं नाव टाकलं." दातिवऱ्याला देवी टोचायचं काम तिनं दुसऱ्या टोचणाऱ्याकडे दिलं, वहीतलं त्या गावाचं पानसुद्धा ती उघडत नसे. तरी दर वर्षी विचारायची, "यंदा एखादी कुमुद?" मी पानं न उलटताच म्हणायची, "नाही गं."

तेराव्याला दातिवऱ्याहून एक म्हातारी चार वर्षांच्या नातीला घेऊन आली. "हिची आय बाळंतपनातच गेली," ती म्हणाली. "पोर रडत पन नव्हती. बाय गाळ तुडवीत आली, तोंडानं वारा भरला तवा ही रडली. मंग आमी नाव दुसरं कोनतं ठेवनार? बाय एकदा येल, पोरीला बघंल, म्हनून वाट बघत व्हतो..." 

कुमुदताईच्या ट्रंकेतली वही मी त्याच दुपारी काढली. दातिवऱ्याचं पान. त्या दुसऱ्या टोचणाऱ्यानं पाठवलेली ती यादी मी गप्पांच्या नादात उतरवली असणार. तिसऱ्या ओळीत, माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: कुमुद, आई मयत. चार वर्षं ती ओळ भिंतीपलीकडच्या ट्रंकेत होती, आणि मी तिला नाही म्हणत होते.