नाना मिस्त्री आणि तिसरी तार

नाना मिस्त्रींच्या हातात कुठलंही हत्यार दिलं की ते आधी त्यावर कोरलेलं कंपनीचं नाव अंगठ्याने झाकायचे आणि मगच ते बघायला लागायचे. मी चौलला पोस्टमास्तर म्हणून नवीन आलो होतो. सुतारकामाचा छंद होता, म्हणून मुंबईहून घेतलेला विलायती रंधा मोठ्या ऐटीत त्यांना दाखवायला नेला. त्यांनी नाव झाकलं, पात्याची धार नखावर टेकवली, उन्हात धरून पाहिली. म्हणाले, "बरा हाय. पर मास्तर, नाव कुनीबी कोरतो. पोलाद घडवून दावावं."

मुंबईच्या गोदीतल्या वर्कशॉपात फिटर म्हणून हयात घालवून नाना गावी परतले होते. सुपारीच्या वाडीला लागून असलेल्या पडवीत त्यांनी आपला छोटा कारखाना मांडला होता. भारी विलायती पाने आणि गावच्या लोहाराने घडवलेल्या पटाश्या एकाच फळीवर शेजारी शेजारी असायच्या. कुणी स्वस्त हत्यार घेतलं म्हणून नानांनी त्याला कधी हिणवलं नाही. चिडायचे ते खोटेपणावर. मग आवाज वाडीच्या पार जायचा.

चौलला वीज आली तशी मला विजेच्या ड्रिल मशीनची हाव सुटली. अलिबागच्या एका दुकानात दोन तऱ्हेची मशिनं होती, एक नावाजलेलं विलायती आणि दुसरं बिननावाचं, निम्म्याहून कमी किमतीचं. नानांचा सल्ला घेतला, तर म्हणाले, "तुमाला वर्षाकाठी चार भोकं पाडायची. हातानं फिरवायचं गिरमिट घ्या की! आनि वीजच हातात धरायची आसंल तर उघडून दावल्याबिगर घेऊ नका. करवत वाईट निघाली तर लाकूड वाया जाईल. ह्ये वाईट निघालं तर मानूस वाया जाईल."

मी मान डोलावली आणि पुढच्याच आठवड्यात स्वस्तातलं मशीन घेऊन आलो. "आतून दोन्ही एकच आहेत हो, विलायतीत नुसते नावाचे पैसे," असं दुकानदार म्हणाला होता, आणि मला तेच ऐकायचं होतं. नानांना मात्र मी काही बोललो नाही.

पावसाळ्यात आमच्या मागच्या दाराची चौकट बदलायला पांडू सुतार आला. मी कौतुकाने मशीन त्याच्या हाती दिलं. जमीन ओली होती आणि पांडू अनवाणी. बटण दाबलं मात्र, तो ओरडलासुद्धा नाही, नुसता थरथरत राहिला. मशीन हाताला चिकटलेलं. ओरडली ती माझी बायको. वाटेने चाललेले नाना आत धावले आणि त्यांनी हातातल्या काठीने मशीनची वायर ओढून प्लग भिंतीतून उपटला. पांडू खाली कोसळला. जीव वाचला, पण उजवा तळवा भाजून निघाला. पुढे कितीतरी महिने त्याला पटाशी धरता आली नाही.

पांडूला डॉक्टरांकडे पोचवून आल्यावर नानांनी मशीन उघडलं. आतली एक तार घासून उघडी पडली होती आणि लोखंडी कवचाला टेकत होती. असा झटका जमिनीत उतरावा म्हणून तिसरी तार असते. वायरीत ती होती, प्लगलाही जोडलेली होती, पण मशीनच्या आत कुठेच जोडलेली नव्हती. कापून आतल्या बाजूला दुमडून ठेवली होती. नानांनी ते दुमडलेलं टोक बोटाने बाहेर काढलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "चूक न्हाय ही, मास्तर. चुकलेली तार लोंबती. ही मुद्दाम दडवलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही अलिबागला गेलो. दुकानदाराने मशीन पाहिलं आणि खांदे उडवले. "स्वस्तातला माल स्वस्तासारखाच चालणार. दुसरं देतो, घेऊन जा."

"स्वस्त म्हंजे लवकर झिजनारं," नाना कडाडले. "मारनारं न्हवं! त्ये विलायती उघडा."

गिऱ्हाइकं बघत होती म्हणून दुकानदाराने ते उघडलं. तिसरी तार जागच्या जागी, स्क्रूने घट्ट बसवलेली.

"बघा मास्तर! बंगल्यातला सायेब पायात बूट घालून मशीन धरतो, त्याला तार हाय. चिखलात अनवानी उभा ऱ्हानाऱ्याची तेवढी कापली. आनि वर म्हनतो, आतून दोनी येकच!"

दुकानदाराने फुकट देऊ केलेलं मशीन नानांनी घेतलं नाही. फळीवरची सगळी बिननावाची मशिनं उघडून दुरुस्त करा, एवढंच त्यांचं मागणं. ते त्याने धुडकावलं. तेव्हा नाना दुकानासमोर रस्त्यापलीकडे झाडाखाली जाऊन बसले. पुढ्यात धोतराचं फडकं आणि त्यावर ते उघडं मशीन. कचेरीत, कोर्टात जाणारायेणारा थांबे, त्याला ते कापलेली तार दाखवत. शिपाई हटकायला आला, तर म्हणाले, "मी काय इकत न्हाय. दावतोय." शिपायाने वाकून तार पाहिली आणि दुकानाकडे एक नजर टाकून निघून गेला.

रोज सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळी परतायचे. आठवडाभराने दुकानदारानेच त्यांना आत बोलावलं. नानांनी पायरीवर बसून एकेक मशीन उघडलं, तारा जोडल्या आणि मजुरी नाकारली. उलट आधी विकलेली मशिनं कुणी नेली त्यांची नावं मागून घेतली. नावं पाचच होती. दिवाळीपर्यंत चार घरं त्यांनी शोधून काढली. पाचव्यापुढे नुसतं 'म्हसळा, राऊत' एवढंच लिहिलेलं. तिथल्या राऊतांची दोन-चार घरं त्यांनी पालथी घातली, माणूस सापडेना.

मी त्यांची माफी मागितली तेव्हा म्हणाले, "माझ्याकडं कशाला? पांडूकडं जा." गेलो. डाव्या हाताने चहाचा कप पांडूने पुढे केला, आणि ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

दोन वर्षांनी नाना छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. भेटायला गेलो की ते तब्येतीचं सोडून तेच विचारत, "म्हसळ्याचा गावला का?" मी नाही म्हटलं की भिंतीकडे तोंड करत. मला वाटायचं, रागावलेत. खरं म्हणजे ते घाबरलेले असायचे.

ते गेल्यानंतर, टपालखात्यातल्या ओळखींमुळे, तो राऊत मला म्हसळ्याच्याही पुढच्या एका वाडीत सापडला. शेतकरी गृहस्थ. मशीनचं नाव काढताच त्याने घरातून खोकं आणलं. वायरीवरचा कागदसुद्धा निघाला नव्हता.

"वापरलं नाहीत?" मी विचारलं.

तो हसला. "वीज कुठाय आमच्यात? येनार म्हनतात, म्हनून घेऊन ठेवलं."

मी त्याच्या ओटीवर बसून मशीन उघडलं. तिसरी तार कापून दुमडलेली होती. नानांनी शिकवल्याप्रमाणे ती सोलली, कवचाला घट्ट बसवली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. घरात वायर टाकताना काय काय बघून घ्यायचं तेही त्याला सांगितलं. मग मशीन खोक्यात ठेवून तिथेच बसून राहिलो. राऊत गोंधळून म्हणाला, "पानी आनू का?" मी नको म्हटलं आणि ज्याची ही एक तार जोडायची राहून गेली होती त्या माणसाबद्दल त्याला सांगायला लागलो.