काकीने मागितलेली विहीर

मी डहाणूच्या कॉलेजात इतिहास शिकवते आणि घरी आल्यावरही शिकवतच बसते, असं घरचे म्हणतात. चिखले गावातल्या आमच्या चिकूवाडीची वाटणी ठरली, तेव्हा भर जेवणात मी आयर्लंड काढलं. एकोणिसाव्या शतकात तिथे पोरगा लग्नाचा झाला की बापाने कसत्या जमिनीतला तुकडा काढून द्यायचा. पोरं घरोघरी भरपूर. तुकडे इतके लहान झाले की बटाट्याशिवाय कशानेच पोट भरेना, आणि मग बटाटाच कुजला. लाखो लोक मेले, लाखो बोटीत बसून देश सोडून गेले.

बाबा आणि दोन्ही काका जेवत राहिले. सगळ्यांत थोरले काका वारल्यावर त्यांचा हिस्सा काकीकडे आला होता. तिने विचारलं, "जमीन त्यांची स्वतःची होती?"

"नाही. बहुतेक कुळंच. मालक वेगळे."

"मग त्यांचा काय इलाज?" म्हणत तिने मला आमटी वाढली.

चार हिस्से म्हणजे प्रत्येकाला झाडांच्या मोजक्या रांगा. तेवढ्यावर घर चालत नाही. धाकट्या काकांनी तर आपला हिस्सा विकून वापीला कंपनीत लागायचं पक्कं केलं होतं. एकाने विकलं की दुसरा विकणार, आणि वाडी जाणार. माझा जीव त्यातच अडकला होता.

वाटणीत थोरल्या घराने आधी मागायचं, ही आमच्याकडची रीत. काकी रस्त्याकडची बाजू घेईल, असं सगळ्यांनी धरलं होतं. तिने विहिरीभोवतीचा मधला तुकडा मागितला. अख्ख्या वाडीला पाणी तिथलंच, पण झाडं विरळ.

बाबा म्हणाले, "वहिनी, तुमचं नुकसान होईल."

"होऊ दे. पाणी मी सगळ्यांना देईन. पण वाडीत कुंपण दिसलं, नाहीतर कोणी बाहेरच्याला विकलं, तर पंप बंद."

धाकटे काका हसले. "वहिनी, तुम्ही तर अख्खी वाडीच मागून घेतलीत."

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडले असते तर तिने मला हाकललं असतं. कागदावर आज चार हिस्से आहेत. खत, तोडणी, टेम्पो मात्र एकच. चिकूचे पैसे वाटताना कुरबुरी होतात, त्या होणारच.

वर्गात आयर्लंड शिकवताना मला अजून काकी आठवते. हल्ली तिच्या गुडघ्यांना विहिरीपर्यंतची चाल झेपत नाही. पंपाची किल्ली तिने धाकट्या काकांकडे दिली आहे.