वाळवीपासून वाचवलेला चहा

पेट्यांना वाळवी लागेल का, असं बागचीबाबूंनी विचारलंच नव्हतं. उत्तर मात्र मी दिलं. “लगने ही नहीं देंगे.”

लढाईचे दिवस होते. जबलपुरात, घमापुरातल्या आमच्या कारखान्यात दारूगोळ्याच्या पेट्या बनायच्या आणि मी तिथे इन्स्पेक्टर. म्हणजे पेटी ठोकून बघायची, ठप्पा मारायचा, रुबाबात पुढे सरकायचं. फळ्या आधी वाळवी मारणाऱ्या तेलात बुडवलेल्या असत.

बागचीबाबू दार्जिलिंगकडच्या एका लहान मळ्याचे एजंट. कलकत्त्याचं बंदर लढाईच्या सामानाने भरलेलं, म्हणून त्यांचा चहा रेल्वेने मुंबईला आणि तिथून विलायतेला निघालेला. जबलपूरला शंटिंगमध्ये वॅगन आदळली, पेट्या फुटल्या. उंचावरचा चहा हळू वाढतो, म्हणून त्याला फुलासारखा वास असतो. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्या वासाचे. मळ्याचा मोसमातला सगळ्यात चांगला माल होता तो, आणि तिकडे बोट सुटायची होती.

नव्या पेट्यांचं काम आमच्याकडे आलं. कारखान्याचे शेठ म्हणाले, “जल्दी करा दो.” मी नवीन पेट्यांच्या फळ्याही तेलात बुडवल्या. एवढ्या लांब जाणार, आपलं नाव खराब नको.

शेडमध्ये चहा भरताना बागचीबाबूंनी नाक वर केलं. “ये बास कैसी?”

“शेड की है, दादा. पेटी की नहीं.” मी पेटी हुंगून दाखवली. मला खरंच काही आलं नाही. वर्षभर त्याच तेलात वावरलो होतो. ठप्पे मारले.

खूश होऊन त्यांनी मला थोडा चहा दिला. मी उरलेल्या फळ्यांची सुबक डबी केली, त्यात भरून घरी नेला. दोन-तीन दिवसांनी बायकोने कप पुढे ठेवला.

“अहो, याला तेलाचा वास येऊन राहिला. तुमच्या शर्टाला येते तसाच.”

“उंचावरचा चहा असाच असतो. विलायतेतले लोक उगाच पैसे देतात का?”

“मग काहून तोंड वाकडं करून पिऊन राहिले?”

मी हट्टाने दुसरा कप मागितला. वॅगन तेव्हा अजून इथेच, यार्डात उभी होती.

विलायतेतल्या चहा चाखणाऱ्याने पहिल्याच घोटाला सगळा माल नाकारला. काही महिन्यांनी बागचीबाबू आमच्या घरी आले. भांडले नाहीत. पाहुण्याला चांगला चहा द्यावा म्हणून बायकोने डबीतलाच केला. वरून आलं, वेलची. त्यांनी कप नाकाशी नेला आणि बशीत परत ठेवला.

“ये आपने पहले कब पिया?”

माल गेल्यावर, असं मी सांगणार होतो. बायको आधी बोलली. “आपकी वॅगन यार्ड में थी न भैया, तभी. मैंने तो बोला था इनको.”

बागचीबाबूंनी कपबशी दूर सारली. “स्टेशन पे मैं रोज़ बैठा था,” ते म्हणाले. “एक आदमी भेज देते.”

त्यांची एजन्सी गेली. मळ्याचं ते गिऱ्हाईक परत आलं नाही. आमच्या शेठना दारूगोळ्याच्या पेट्यांची मोठी ऑर्डर मिळाली आणि मी सीनियर इन्स्पेक्टर झालो. माझ्या एकाही पेटीला कधी वाळवी लागली नाही म्हणून.

ज्या वासात आपण पगार घेतो, तो वास आपल्याला येत नाही. डबी अजून शाबूत आहे. बायको तिच्यात खिळे ठेवते.