हिरवा ठिपका

सेनगावात मी अकरावीला इंग्रजी शिकवतो. मध्यंतरी कॉलेजने ऑनलाइन कोर्स घेतला. पोरांनी घरी मोबाइलवर धडा लावायचा. तो शेवटपर्यंत चालला की माझ्या कॉम्प्युटरवर नावापुढे हिरवा ठिपका. मला त्या ठिपक्यांचं भारी कौतुक. पोरांना दमच भरला होता, "लाल झाला की नाव कटलं."

आमच्याच तालुक्यातल्या गोरेगावकडच्या एका मुलीचा ठिपका कधी लाल झालाच नाही. दिवाळीनंतर ती वर्गात येईना, पण घरून शिकते आहे असं मी धरून चाललो. बोलण्याच्या धड्यात मिनिटभर इंग्रजीत बोलून पाठवायचं असतं. तिच्या मिनिटात कुणी बोलतच नव्हतं. पंख्याची घरघर, आणि मध्येच कुणीतरी खोकललं. तरी ठिपका हिरवा. मी खाली लिहिलं, 'लाजू नकोस, मोठ्याने बोल.' पुढच्या आठवड्यातही तेच. शंका आली, खोटं कशाला सांगू. पण हातच्या काकणाला आरसा कशाला? ठिपका समोर दिसत होता.

फेब्रुवारीत तिच्या गावचे ग्रामसेवक आले. सोळा वर्षांच्या पोरीचं लग्न ठरवल्याची तक्रार होती.

"सर, पोरगी शिकून राहिली का बराबर? शिकत असंल तर तक्रार खोटी म्हणून मिटवतो."

मी रुबाबात रिपोर्ट छापला. 'नियमित' असं लिहून सही ठोकली. ते कागद घेऊन गेले.

महिनाभराने परीक्षेच्या अर्जावर तिची सही हवी म्हणून मी घरी गेलो. ओसरीवर मोबाइल तांब्याला टेकवलेला, धडा चालू, समोर कुणी नाही. पलीकडे तिची आई तूर पाखडत होती. खोकली, तेव्हा मी तो खोकला ओळखला.

"पोरगी कुठंय?"

"सासरी. पंधरा दिस झाले."

"मग हे काहून लावलं?"

"तुमीच म्हणलं व्हतं ना, लाल झालं की नाव कटतंय. सोयरीक जमल्यापासून पोरीच्या हाती फोन न्हाई दिला. मीच लावते रोज."

तिने हात जोडले.

"लई उपकार झाले सर. पोरीनंच शेजारणीच्या फोनवरून तक्रार केलती. म्हणे, सर सांगतील मी येत न्हाई म्हणून. साहेबानं तुमचा कागद वाचून दाखवला, तवापासून गपच झाली ती."