हातांवर बसणाऱ्या बाई

डोळे मिटायला लागलेत. मोबाईल छातीवर, दोन्ही हातांत. मेसेज अर्धा झालाय. "सर्व पालकांना कळवण्यात येते की सोमवारपासून बालवाडीत लेखन सुरू..." पुढं अंगठा चालत नाही.

दुपार आहे. पोरं घरी गेलीत. फक्त तैबा राहिलीय. चार वर्षांची. तिचे वडील इम्तियाजभाई माग चालवतात, शिफ्ट सुटली की न्यायला येतात. ती तिच्या चटईवर झोपलीय, मी माझ्या. गल्लीतल्या मागांची खटखट चालू. इचलकरंजीत त्या आवाजात झोप लागते, तो थांबला की माणूस जागा होतो.

खरं सांगतो, मी दमलोय.

सकाळी इम्तियाजभाई दारातच म्हणाले, "मास्तर, शेजारच्या शाळेत हिच्या वयाची पोरं एबीसी लिहायल्यात. आमची नुसत्या कांड्या मांडती. सोमवारी लिहायला घ्या, न्हाईतर मी तिकडं घालतो तिला." मागं उभ्या असलेल्या आयांनी पण माना हलवल्या. एक गेली की सगळी जाणार. मग कुलूपच.

कांड्या म्हणजे मागावरच्या सुताच्या नळ्या. रिकाम्या झालेल्या आम्ही कारखान्यांतून मागून आणतो. तैबा रोज त्या ओळीनं मांडते. लांब, मग आखूड, मग त्याहून आखूड. एक चुकली की सगळ्या विस्कटून पहिल्यापासून. चौगुलेबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, तिचं काम चालूय, हाक मारू नको.

पण बाई गेल्या. बालवाडी त्यांची, आता माझ्या गळ्यात. मी बारावी नापास. इथला झोपाळा दुरुस्त करायला आलो आणि राहिलो. जे काय येतं ते बाईंच्या कपाटातली पुस्तकं वाचून आणि बाईंकडं बघून.

खटखट, खटखट. अंगठा...

बाई उशाशी बसल्यात. नेहमीसारख्या, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. पोरगं बटण लावायला धडपडत असलं की आपले हात आपोआप पुढं जातात, म्हणून त्यांच्यावर बसायचं. ही त्यांची रीत.

"काय लिहायलास?"

"मेसेज. सोमवारपासून लिहायला घेतोय."

"तू?"

"पोरं."

"त्यांना विचारलंस?"

"बाई, चेष्टा नको. दमलोय मी."

"मग झोप की."

"झोपलोयच."

"हां, ते पण खरं."

छत उंच होत गेलंय. चटई मागच्या मागं सरकत जाते आणि आम्ही मागाच्या शेडमध्ये आहोत. प्रत्येक मागावर आपली बालवाडीची पोरं. मागातून कापड निघतंय, पांढरं, त्यावर निळ्या चार रेघा, वहीसारख्या. पोरं खाली बघून चालवतायत. कुणी बोलत नाही. एक माग रिकामा आहे, त्याच्यासमोर कांड्यांची ओळ अर्धवट.

"एकसारखं निघतंय बघ," बाई म्हणतात. "एक धागा इकडचा तिकडं नाही."

"चांगलंच आहे की मग."

"कापड चांगलंच आहे."

मी कापडाला हात लावतो. ती चादर आहे. दवाखान्यातली. बाई पलंगावर टेकून बसल्यात, माझ्या हातात पेजेची वाटी.

"भरव," बाई म्हणतात. "भरवत होतास तसं."

"तुमचा हात थरथरायचा."

"थरथरत गेला असता तोंडापर्यंत. तुला काय?"

"अंगावर सांडलं असतं ना!"

"सांडू दे की." बाई हसतात. "तुला लवकर घरी जायचं असायचं. मी बघत होते."

"मग बोलायचं नाही का तेव्हा?"

"तोंडात चमचा होता रे."

मला हसू येत नाही. मी वाटी खाली ठेवायला जागा शोधतो. जागाच नाही कुठं.

"किती थांबायचं बाई? इम्तियाजभाई थांबणार नाहीत. बालवाडी बंद पडेल."

"पडेल."

"अहो, तुमची बालवाडी!"

"मी मेले की."

"मग पाठवू का मेसेज?"

"मला काय विचारतोस? मला मोबाईल कुठं येत होता!"

मग बाई बारीक आवाजात म्हणतात, "मलाही कंटाळा यायचा, महांतेश. रोज यायचा. वाटायचं, द्यावं ते बटण लावून आणि सुटावं."

"मग?"

"मग काय. हातांवर बसायची. सरक जरा."

मी सरकतो. पलंग आता बालवाडीचा उंबरा आहे. आम्ही दोघं शेजारी, हात मांड्यांखाली. समोर तैबा सँडल घालतीय. पट्टा बक्कलमध्ये जात नाही. सुटतो. परत. सुटतो. माझे हात ठणकायला लागतात.

"बाई, दुखतंय."

"दुखणारच."

पट्टा जातो, जातो, आणि

आवाज बंद. सगळे माग एकदम थांबलेत. लाईट गेलीय.

मी उताणा आहे. मोबाईल बाजूला जमिनीवर पडलाय. माझे दोन्ही हात मांड्यांखाली, पार बधिर. ओढून काढतो. तळहातांवर शिंदीच्या चटईची वीण उमटलीय.

तैबा कधीच उठलीय. उंबऱ्यावर बसून सँडल घालतीय. दारात इम्तियाजभाई.

"उठा मास्तर. लाईट गेली, सुटलो." ते खाली वाकतात. "आण गं इकडं, मी घालतो."

"इम्तियाजभाई, थांबा की."

"का?"

"बसा जरा. हात मांडीखाली घ्या."

"काय?"

"घ्या तर. लाईट येईस्तोवर कुठं जायचंय तुम्हाला?"

ते माझ्याकडं बघतात. झोपेत बडबडतोय असं वाटलं असेल. पण बसतात. हात खाली घेतात, लाजल्यासारखे.

तैबाचं आमच्याकडं लक्षच नाही. पट्टा सुटतो. जीभ बाहेर काढून ती परत लावते. सुटतो. इम्तियाजभाईंचे खांदे पुढं येतात, मागं जातात. एकदा मला वाटतं आता उठले. नाही उठत.

टक. बक्कल बसलं. मग दुसऱ्या पायाचं, तेवढाच वेळ खाऊन.

"झालं," ती म्हणते आणि उभी राहते.

"उलटं घातलं की!" इम्तियाजभाई हळूच मला म्हणतात. "डावं उजव्यात."

"हं."

ते हात बाहेर काढतात, पँटला पुसतात, सँडलकडं बघतात. हात लावत नाहीत. तैबा गल्लीत पुढं निघालीसुद्धा, फताक फताक.

"सोमवारचं बघतो," म्हणतात. पाठवतो म्हणत नाहीत, नाही पाठवत असंही नाही. आणि तिच्या मागं जातात, तिच्या चालीनं.

मेसेज अजून तसाच अर्धा आहे. हातांना मुंग्या आल्यात, नीट टाइप होत नाहीये. खोडण्यापुरता अंगठा चालतो. एकेक अक्षर खोडतो, मागून पुढं, "सर्व" पर्यंत.

झोपलो तेव्हा मोबाईल दोन्ही हातांत होता, एवढं मला पक्कं आठवतंय.

लाईट आलीय. खटखट सुरू झालीय. तळहातावरची वीण अजून गेली नाही.