माझ्या अक्षरातला तक्ता

बायको कशाने गेली असं कुणी विचारलं की मी "लकवा" म्हणतो. बरीच वर्षं हेच सांगत आलोय. ती लकव्याने गेली नाही. पाठीच्या खाली झालेल्या जखमेने गेली. त्या जखमेच्या बाबतीत मी ज्या गोष्टी केल्या त्या मी मुलीलाही पूर्ण सांगितलेल्या नाहीत. आता अठ्ठ्याहत्तर पुरी झाली. लिहायचं टाळायला फार दिवस उरलेले नाहीत.

मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी केली. कंट्रोल रूममध्ये दर तासाला मीटर वाचायचे आणि आकडे लॉगशीटमध्ये भरायचे. रकाना रिकामा दिसला की मेमो. म्हणून आम्ही सगळेच एक करायचो. काटा हलत नसला की पुढच्या दोन तासांचे आकडे आधीच भरून चहाला जायचो. कुणाला त्यात काही चूक वाटत नसे. माझी शीट सगळ्यांत स्वच्छ असायची. साहेब ती नव्या माणसांना दाखवायचे. सगळ्या नोकरीत एकही रकाना रिकामा सोडला नाही, हे मी निवृत्तीच्या समारंभात अभिमानाने सांगितलं होतं.

लकव्यानंतर बायकोची उजवी बाजू आणि वाचा गेली. डावा हात तेवढा चालायचा. मला एकट्याला ती उचलत नव्हती, मुलगी पुण्यात नोकरीला. म्हणून नाशिक रोडच्या बाजूला एका बंगल्यात काढलेल्या नर्सिंग होममध्ये तिला ठेवलं. मी सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर जायचो. हातातली बांगडी ती पलंगाच्या लोखंडी दांड्यावर आपटायची. टक, टक, टक. मी म्हणायचो, "झोप जरा. इतर पेशंटना त्रास होतो." पाठीवर पडून पडून तिची कातडी जळत होती, आणि ती मला कुशीवर वळव म्हणून सांगत होती, हे मला कळलं तेव्हा उशीर झाला होता.

पलंगाच्या पायथ्याशी एक पुठ्ठा टांगलेला असे. वर लोखंडी चिमटा, त्यात कागद. कागदावर दर दोन तासांचा रकाना होता: डावी कूस, पाठ, उजवी कूस. पुढे कर्मचाऱ्याची सही आणि नातेवाइकाची सही. सगळं कोरं. एकदा तिथली सिस्टर म्हणाली, "बाबा, उद्या तपासणी आहे. तुमचं अक्षर किती छान! मागचे दोन-तीन दिवस जरा भरून द्या ना."

मी खिशातलं पेन काढलं. आठ, दहा, बारा, दोन. डावी, पाठ, उजवी, डावी. जेव्हा मी घरी जेवत होतो, झोपलो होतो, त्या वेळाही भरल्या आणि पुढे सह्या केल्या. सिस्टर म्हणाली, "बघा, याला म्हणतात काम!" मला बरं वाटलं. मग ते रोजचंच झालं. मी गेलो की आधी तक्ता भरायचो, मग बायकोकडे बघायचो.

माझं लहानपण देवळ्याकडचं. कांद्याच्या चाळीत खालचा थर सडतो, तेव्हा वरचा कांदा हाताला कोरडा लागतो, पण जवळ गेलं की वासाने डोकं फिरतं. एके दिवशी तिच्या अंथरुणाजवळ तोच वास आला. तिथे पेशंटचं सगळं करायला पाळीला एकच मावशी असायची. त्या दिवशीची पेठकडच्या डोंगरातली, वयाने माझ्या मुलीएवढी. मी तिला म्हणालो, "हिला वळव. मला पाठ बघायचीय."

तिने दोन्ही हातांनी बायकोला कुशीवर घेतलं आणि तशीच धरून ठेवली. मी चादर ओढली. माकडहाडाच्या जागी मूठ जाईल एवढं भोक होतं. कडा काळ्या, आत पिवळं, आणि त्याच्या तळाशी पांढरं काहीतरी. ते हाड होतं.

"मी सिस्टरला सांगत होते बाबा," मावशी म्हणाली. "मी एकलीच हाय. बावीस माणसं हायेत. किती जणांना वळवू?"

मी पुठ्ठा उपसला आणि तिच्या तोंडावर हाणला. पहिला फटका कानावर बसला. दुसऱ्याला चिमट्याची कड भुवईत घुसली. कातडी फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. तिने चेहऱ्यावर हात नेला नाही. दोन्ही हातांत माझी बायको होती.

"मारा," ती म्हणाली. "पण आधी आजींना धरा. माझा हात सुटला तर खाली पडतील."

हे ऐकूनही मी तिसरा मारला. तेवढ्यात दांड्यावर बांगडी वाजायला लागली. टक, टक, टक. बायको माझ्याकडे बघत होती. मग मी थांबलो.

डॉक्टर, म्हणजे मालक, धावत आले. पोलिसही आला. डॉक्टर मला म्हणाले, "दवाखान्यात हात उचलला की जामीनसुद्धा लवकर होत नाही, आजोबा. या वयात आत जायचंय का?" मग मावशीकडे वळून, "सांग काय झालं ते." तिने फडकं भुवईवर दाबून धरलं होतं. ते लाल होऊन थेंब फरशीवर पडत होते. पोलिसाला ती म्हणाली, "पलंगाचा दांडा लागला, साहेब." डॉक्टरांनी दोनदा विचारलं. तिने दोन्ही वेळा तेच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तिला कामावरून काढलं.

बायकोला मोठ्या रुग्णालयात हलवलं. तिथे मेलेलं मांस कापून काढलं आणि मग रोज ड्रेसिंग सुरू झालं. बोळा आत जायचा तेव्हा तिला ओरडता येत नसे, घशातून नुसती हवा यायची. मी तिला धरून बसायचो. एकदा तिने माझा हात दातांत धरला आणि ड्रेसिंग संपेपर्यंत सोडला नाही. अंगठ्याखाली त्याचा वण अजून आहे. एकोणिसाव्या दिवशी ती गेली. जखमेचं विष रक्तात पसरलं होतं.

दहावा झाल्या झाल्या मुलगी मला वकीलबाईंकडे घेऊन गेली. म्हणाली, "मी त्या लोकांना सोडणार नाही, बाबा." वकीलबाईंनी शांतपणे समजावलं. सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोगात दाद मागता येते, पण दोन वर्षांच्या आत. हलगर्जीपणाने मृत्यू म्हणून पोलिसांत जाता येतं, पण पोलीस आधी सरकारी डॉक्टरांच्या समितीचं मत मागवतात. नर्सिंग होमची नोंदणी महापालिकेकडे असते, तिथल्या आरोग्य विभागात तक्रार देता येते. डॉक्टरविरुद्ध वैद्यकीय परिषदेकडे जाता येतं. "चारही वाटा चालतील. पण आधी त्यांचे कागद लेखी मागा. मागितल्यावर तीन दिवसांत द्यावे लागतात. मोठ्या रुग्णालयाने जखमेचे फोटो काढलेत, तेही घ्या."

कागद आले. वकीलबाई तक्ता उलटत म्हणाल्या, "दर दोन तासांनी कूस बदललीय. एकही रकाना रिकामा नाही. हे कुणी भरलं?"

"तिथल्या सिस्टरने," मी म्हणालो.

मुलीने कागद पुढे ओढला. मी सातच्या पोटात आडवी रेघ मारतो. दहावीपर्यंत तिच्या वह्यांवर मीच नाव-इयत्ता घालून दिली होती. तिने तारखेतल्या सातवर बोट ठेवलं. "हा सात तुमचा आहे, बाबा."

वकीलबाईंनी आवाज चढवला नाही. "हे आपल्या विरोधात जाईल, आणि आपल्या बाजूनेही. रात्री दोनला आणि चारला तुमची सही आहे. तेव्हा तुम्ही तिथे नव्हता. सिस्टरच्या सांगण्यावरून खोटं भरलं, असं प्रतिज्ञापत्र करा. म्हणजे तिथला सगळा तक्ताच खोटा ठरतो. आणि ती मावशी शोधा. वळवायला माणूसच नव्हतं, हे फक्त ती सांगू शकते."

"मावशी येईल ना, बाबा?" मुलीने विचारलं. पुठ्ठ्याचं तिला ठाऊक नव्हतं. आजही नाही. हे वाचून कळेल.

मी आज करू, उद्या करू म्हणत राहिलो. प्रतिज्ञापत्राचा मसुदा टेबलावर पडून राहिला. बाकीच्या वाटाही त्याच तक्त्यावरून जात होत्या. दोन वर्षं भरायला महिना उरला तेव्हा मुलगी फोनवर म्हणाली, "तुम्हाला आईपेक्षा तुमचं अक्षर महत्त्वाचं आहे का?" मग मी पत्ता मिळवून पेठला गेलो. परत आल्यावर मुलीला आणि वकीलबाईंना सांगितलं, की बाई सापडली नाही, गाव सोडून गेली. मुदत संपली. नर्सिंग होम अजून चालू आहे. मुलगी सणाला फोन करते.

बाई सापडली होती. एसटीतून उतरून चालत गेलो तर ती दारात बसून सुपात नागली पाखडत होती. मला बघताच उठली, पदर सारखा केला. भुवईच्या मधोमध केस उगवलेले नव्हते, तिथून पांढरी रेघ कपाळावर गेली होती.

"बाबा, एवढ्या लांब? बसा, बसा. आजी कशा हायेत?"

तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"बरी आहे," मी म्हणालो.

"डाव्या कुशीवर ठेवता ना? डाव्या कुशीवर त्यांना बरं वाटायचं. माझी पाळी असली की बाकी कुणाचं नाही झालं तरी त्यांना तेवढं वळवून ठेवायची मी. बांगडी वाजवायच्या ना त्या."

तिने पाणी दिलं. चहा टाकते म्हणाली. मी परतीची गाडी आहे म्हणून उठलो. ती रस्त्यापर्यंत सोडायला आली. शर्टाच्या खिशात एक घडी केलेला कागद होता. तिकडे जाताना एसटीत, माझ्या त्याच सुबक अक्षरात मी लिहून ठेवला होता. गाडी सुटेपर्यंत तो खिशातच राहिला, आणि अजून माझ्याकडेच आहे.

"बाई, तुमच्या दोन्ही हातांत माझी बायको होती म्हणून तुम्हाला तोंड झाकता आलं नाही. तक्ता मी भरला होता, तुम्ही नाही. मार माझ्या वाट्याचा होता. मला माफ करा."